काँक्रीटचे पंख

वास्तुकला ही सर्व कलांमधील अत्यंत परावलंबी कला होय. काव्याला उपयोग संपल्याचे भय नसते. वास्तूला ते पायाभरणीपासूनच असते. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावरील टीडब्ल्यूए या विमान कंपनीचे जुने स्थानक २०१९ साली हॉटेल म्हणून पुन्हा उघडले, तेव्हा त्याचे कौतुक मुख्यतः गतवैभवाच्या हौसेपोटी झाले. परंतु ही वास्तू ज्याने कल्पिली, त्या एरो सारिनेन यांच्या चरित्राकडे पाहिल्यास या घटनेचा अर्थ अधिक गंभीर असल्याचे जाणवते.

सारिनेन यांचा जन्म २० ऑगस्ट १९१० रोजी फिनलंडमध्ये झाला. वडील एलिएल हे हेलसिंकीच्या रेल्वे स्थानकामुळे कीर्ती पावलेले वास्तुशिल्पी होते. १९२३ मध्ये हे कुटुंब अमेरिकेत गेले. एरो यांनी प्रथम पॅरिसमध्ये शिल्पकलेचे धडे घेतले आणि १९३४ साली येल विद्यापीठाची वास्तुकलेची पदवी मिळविली. मूर्तिकाराची ही दृष्टी त्यांना अखेरपर्यंत सोडून गेली नाही. कागदावरील नकाशापेक्षा मोठमोठ्या प्रतिकृतींवर त्यांचा भर असे.

विख्यात पित्याच्या छायेत वाढणे हे भाग्य आणि संकट दोन्ही असते. सेंट लुईस येथील स्मारकाच्या स्पर्धेसाठी पितापुत्रांनी स्वतंत्र आराखडे पाठविले. अंतिम फेरीत निवड झाल्याची तार चुकून वडिलांच्या नावे आली. घरात आनंदोत्सव झाला. पुढे खुलासा झाला, की निवड मुलाची होती. वृद्ध पित्याने पुन्हा तितक्याच आनंदाने उत्सव केला. १९४८ साली एरो ती स्पर्धा जिंकले. त्यांची ६३० फूट उंचीची कमान मात्र १९६५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर पूर्ण झाली.

टीडब्ल्यूएचे काम १९५६ मध्ये त्यांच्याकडे आले. विमानप्रवास तेव्हा अपूर्वाईचा होता. ज्या कॉन्स्टेलेशन जातीच्या विमानाने एअर इंडियाने ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनकडे पहिले आंतरराष्ट्रीय उड्डाण केले, तीच विमाने टीडब्ल्यूएचीही शान होती. या अपूर्वाईला सारिनेन यांनी काँक्रीटमध्ये रूप दिले. वाय आकाराच्या चार आधारांवर पेललेली चार कवचे, त्यांच्या सांध्यांतून झिरपणारा उजेड आणि आत जिने, कठडे, बाके, फलक हे सारे एकाच वळणात वाहत जाणारे. प्रवाशाच्या मनातील उड्डाणाची हुरहूर या छताने आपलीशी केली.

दैवाचा खेळ असा, की ही वास्तू त्यांना पूर्ण झालेली पाहता आली नाही. १ सप्टेंबर १९६१ रोजी, वयाच्या अवघ्या ५१व्या वर्षी, मेंदूतील गाठीच्या विकाराने त्यांचे निधन झाले. स्थानक १९६२ च्या मे महिन्यात सुरू झाले. वॉशिंग्टनजवळील डलस विमानतळही त्यांच्या पश्चात त्याच वर्षी उघडला. त्यांची अपुरी कामे केविन रोश आणि जॉन डिंकेलू या सहकाऱ्यांनी निष्ठेने तडीस नेली.

सारिनेन यांना एक ठराविक शैली नाही, असा आक्षेप समकालीन टीकाकार घेत. वस्तुतः प्रत्येक कामाला त्याचे स्वतःचे रूप द्यावे, हीच त्यांची शैली होती. परंतु या वृत्तीची किंमतही असते. एका विशिष्ट काळाला बेतून शिवलेला अंगरखा काळ वाढला की तोकडा पडतो. १९५८ पासून जेट विमाने आली, १९७० मध्ये जंबो जेट आले; प्रवाशांच्या लोंढ्याला ही डौलदार वास्तू पुरेना. १९९४ मध्ये तिला न्यूयॉर्क शहराने संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. २००१ मध्ये कंपनीच संपली आणि स्थानक बंद पडले.

आज त्याच्या दोन्ही बाजूंना खोल्यांच्या इमारती असून एकूण ५१२ खोल्या आहेत. मधले दालन जुन्या रूपात राखले आहे आणि बाहेर १९५८ चे एक कॉन्स्टेलेशन विमान मद्यपानगृह होऊन उभे आहे. हे स्मृतीचे व्यापारीकरण आहे, असे कोणी म्हणेल आणि ते सर्वस्वी खोटेही नाही. त्या काळाच्या झगमगाटाचे स्मरण करताना तो मूठभरांनाच परवडत होता, हे विसरता कामा नये. विमानप्रवास सामान्यांच्या आवाक्यात आला तो त्या गर्दीच्या विमानांमुळेच.

तरीही पाडून टाकण्यापेक्षा हा मार्ग शतपटीने श्रेयस्कर होय. जतन म्हणजे वास्तूला औषधात बुडवून ठेवणे नव्हे. तिला मूळ स्वभावाशी मिळताजुळता उद्योग देणे होय. जेथे प्रवासी क्षणभर विसावत, तेथे आता ते रात्रभर विसावतात. जुनी वास्तू निरुपयोगी ठरली की कुदळ हाती घेण्यापूर्वी तिच्यासाठी दुसरे काम शोधण्याची तसदी समाजाने घेतली पाहिजे. अकाली गेलेल्या कलावंताचे ऋण फेडण्याचा तोच खरा मार्ग आहे.