तुकोबांनी नेमकं काय बुडवलं?



आज वाचनात गीतेच्या सहाव्या अध्यायातला १७ वा श्लोक होता. खाणं, फिरणं, काम, झोप आणि जागणं ज्याचं बेताचं आहे, त्याचा योग दुःख घालवतो, असा त्याचा भाव. वाचायला किती सोपं! पण घराचा हप्ता, रिलीजची तारीख, घरी आजारी माणूस आणि रात्री दोनला वाजणारा ऑफिसचा फोन, यात बेताचं काय ठेवायचं? मला हा श्लोक थोडाफार कळला तो तुकोबांच्या चरित्रातून.

तुकोबा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वीणा आणि चिपळ्या येतात. पण त्याआधी ते देहूतले दुकानदार होते. घरात महाजनकी, शेती, वाण्याचा धंदा आणि सावकारी. थोरले भाऊ सावजी विरक्त वृत्तीचे, म्हणून कोवळ्या वयातच सगळा व्यवहार तुकोबांच्या अंगावर पडला. मग वडील बोल्होबा आणि आई कनकाई गेले, वहिनी गेली, सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. त्यातच १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. गुरं मेली, दुकान बुडालं. पहिली पत्नी रखमाबाई आधीच दम्याने बेजार, ती अन्नावाचून गेली. लहानगा संतूही गेला. जन्मसाल १६०८ धरलं, तर तेव्हा तुकोबा जेमतेम बावीस वर्षांचे होते. आपल्यातल्या अनेकांची पहिली नोकरी लागते ते वय.

संकट आलं की शरीर लढायला किंवा पळायला तयार होतं. हृदयाची धडधड वाढते, रक्तदाब चढतो, ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल वाढतात. संकट टळलं की हे खाली यायला हवं. पण डोक्यातला हिशोब थांबलाच नाही, तर शरीरही पूर्ण शांत होत नाही. आधी झोप जाते, पचन बिघडतं. असंच वर्षानुवर्षं चाललं तर हृदयाच्या विकाराचा धोकाही वाढतो.

तुकोबा तेव्हा भामचंद्र डोंगरावर जाऊन बसले. पंधरा दिवस तिथे होते, असं परंपरा सांगते. धाकटा भाऊ कान्होबा त्यांना शोधत आला. पुढे इंद्रायणीकाठी जे घडलं, ते आपण सगळ्यांनी ऐकलंय: तुकोबांनी सावकारीचे कागद नदीत सोडले.

पण यातले दोन बारकावे माझ्या बरेच दिवस लक्षातच येत नव्हते. पहिला असा, की ते कागद लोकांकडून येणं असलेल्या पैशांचे होते. म्हणजे तुकोबांनी बुडवलं ते दुसऱ्यांचं देणं नव्हे, स्वतःचं येणं. दुष्काळात होरपळलेल्या कुळांच्या दारात वसुलीला जायचं, ही काळजीच त्यांनी संपवली. दुसरा बारकावा, त्यांनी आधी वाटणी केली. निम्मे कागद कान्होबाला दिले आणि फक्त आपल्या वाट्याचे बुडवले. स्वतःच्या शांतीसाठी भावाचा संसार पणाला लावला नाही.

आपल्या ताणाचे दोन ढीग केले तर? एका ढिगात देणं: हप्ता, आईचं औषध, हातातलं काम. ते टाळून चालणार नाही. दुसऱ्यात येणं: मॅनेजरने कौतुक करायला हवं होतं, मित्राने आधी फोन करायला हवा होता, माझ्या जागी त्याला प्रमोशन कसं मिळालं. मी माझी यादी करून पाहिली, तेव्हा रात्री जागं ठेवणाऱ्या गोष्टींमध्ये दुसरा ढीगच मोठा निघाला.

कागद बुडवून तुकोबा घर सोडून गेले नाहीत. त्यांनी देहूतल्या विठ्ठलमंदिराची डागडुजी केली आणि दिवसाला एक घडी बसवली. सकाळी पूजा, मग देहूपासून पाच-सहा किलोमीटरवरच्या भंडारा डोंगरावर वाचन आणि नामस्मरण, रात्री गावात कीर्तन. चालणं, एकांत, मग माणसांत परतणं. युक्त विहार म्हणतात तो आणखी वेगळा काय असतो?

इथे जिजाईंना विसरून चालणार नाही. तुकोबा डोंगरावर असताना घर, मुलं आणि टंचाई दुसऱ्या पत्नी जिजाईंनी सांभाळली. त्यांच्यासाठी भाकरी घेऊन त्या डोंगर चढत. कथेकरी त्यांना कजाग ठरवून हशा मिळवतात, पण त्या भाकरीशिवाय भंडाऱ्यावरचं चिंतन चाललं असतं का? आपणही ध्यानाला बसतो तेव्हा बाहेर पोराला कोण सांभाळतंय, हे बघावं. त्या माणसालाही रोज अर्धा तास मिळायला हवा.

पुढेही सगळं सुरळीत झालं नाही. रामेश्वर भटांच्या विरोधामुळे वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या आणि तुकोबा तेरा दिवस नदीकाठच्या शिळेवर उपाशी बसून राहिले, असं सांगतात. म्हणजे संतांनाही ताण चुकला नाही. पण तेच रामेश्वर भट नंतर त्यांचे भक्त झाले आणि तुकोबांनी त्यांना आपलं मानलं. अपमानाची भरपाई हेही एक येणंच. तेही त्यांनी वसूल केलं नाही.

एक सांगायलाच हवं. छातीत दुखत असेल, आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आधी डॉक्टर. नामस्मरण सोबत चालू द्या, पण औषधाच्या जागी नको.

आजची साधना छोटीशी आहे. झोपण्याआधी मोबाईल बाजूला ठेवून एका कागदावर दोन रकाने करा, देणं आणि येणं. देण्यातलं एक काम उद्यासाठी ठरवा. येण्यातलं एक नाव, फक्त आपल्या वाट्याचं, खोडून टाका. मग अकरा वेळा नाम घ्या आणि दिवा मालवा.

राम कृष्ण हरी 🙏