खते बुडविणारा सावकार



आपल्या देहूरोडला पहाऱ्याची सवय आहे. लष्कराचा डेपो, तारेची कुंपणे, फाटकावर पास पाहणारा शिपाई, हे सर्व आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. कदाचित त्यामुळेच असेल, घर बांधताना आपण आधी लोखंडी जाळीचा विचार करतो. दाराला दोन कुलपे, आत लोखंडी कपाट, कपाटाला पुन्हा चोरकप्पा. चोरीची भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपणा सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा कुलूप जरूर लावावे. पण कुलूप लावून जे राखले जाते तेवढ्यावर माणूस खरोखर सुरक्षित होतो काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर शोधायला फार दूर जायला नको. आपल्या गावाला ज्या देहूचे नाव मिळाले, त्या देहूतील एका सावकाराचे चरित्र आज आपणांपुढे ठेवतो.

संत तुकाराम म्हटले की वीणा, टाळ आणि वारकरी डोळ्यांपुढे येतात. ते खात्यापित्या सावकाराच्या घरी जन्मले, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात नसते. इ.स. १६०८ च्या सुमारास देहू येथे बोल्होबा व कनकाई यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. घराण्याकडे बाजारपेठेची महाजनकी होती. शेती होती, दुकान होते, देवघेवीचा व्यवहार होता. थोरले बंधू सावजी यांचे मन प्रपंचात नव्हते. म्हणून धंद्याचा भार तुकारामांवर लहान वयातच आला. पहिली पत्नी रखमाबाई दम्याने आजारी असे, त्यामुळे पुण्याच्या गुळवे घराण्यातील जिजाई हिच्याशी त्यांचे दुसरे लग्न झाले. त्या काळच्या हिशेबाने या घराला कशाची उणीव नव्हती.

पुढे एकामागून एक आघात झाले. तुकाराम सतरा-अठरा वर्षांचे असताना आईवडील वारले. भावजय गेली, आणि सावजी घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेले. त्यातच इ.स. १६३० चा भयंकर दुष्काळ आला. शाहजहान बादशहाचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने ‘बादशहानामा’ या ग्रंथात गुजरात व दख्खनमधील या दुष्काळाचे वर्णन केले आहे. मानमरातब विकायला काढला तरी त्याच्या बदल्यात भाकर मिळत नव्हती, असे तो सांगतो. वाचकहो, क्षणभर थांबून याचा विचार करा. ज्यांच्या तिजोऱ्या भरलेल्या होत्या त्यांनाही तिजोरी खाता आली नाही. तुकारामांचे दुकान बसले, दिवाळे निघाले. रखमाबाई अन्नान्न करीत गेली आणि तिचा लहान मुलगाही गेला. ही हकीकत तुकारामांनी स्वतःच आपल्या अभंगांत सांगून ठेवली आहे.

या दुःखात ते भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. धाकटे बंधू कान्होबा शोधीत आले. दोघे इंद्रायणीच्या काठी आले आणि तेथे घरातील कर्जखते बाहेर काढण्यात आली. लोकांकडून येणे असलेल्या रकमांचे हे कागद म्हणजेच त्या घराची उरलेली दौलत. तुकारामांनी त्यांचे दोन वाटे केले. एक वाटा कान्होबांच्या हाती दिला आणि आपला वाटा नदीत सोडून दिला.

या प्रसंगातील एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटू नये. त्यांनी सगळी खते बुडविली नाहीत. भावाचा हक्क भावाला दिला आणि फक्त स्वतःच्या हक्कावर पाणी सोडले. दुसऱ्याच्या जिवावर उदार होणे सोपे असते, ते त्यांनी केले नाही. आणि ज्यांची नावे त्या खतांवर होती ते कोण होते? दुष्काळाने होरपळलेलेच शेतकरी आणि गावकरी. त्यांच्याकडून वसुली करायची म्हणजे त्यांचा बैल सोडून आणायचा, त्यांच्या घरातले भांडे उचलायचे. अशा वसुलीतून उभी राहिलेली तिजोरी किती सुरक्षित? तिच्या राखणीसाठी रात्रभर जागे राहावे लागते, कारण आपल्याला कोणाचे भले वाटत नाही हे तिच्या मालकाला माहीत असते.

कुरआन शरीफने व्याज निषिद्ध ठरविले आहे. कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी, आणि कर्ज सोडूनच दिले तर ते अधिक भले, असेही तेथे सांगितले आहे. तुकाराम विठ्ठलाचे भक्त होते, त्यांचा मार्ग वेगळा. पण जे आपण पठण करतो ते आपल्या शेजारच्या नदीकाठी एका माणसाने करून दाखविले, हे मान्य करायला आपल्याला संकोच का वाटावा?

मात्र या त्यागाची झळ घराला लागली, हेही लपवू नये. जिजाईला लोक कजाग म्हणतात. मला ते पटत नाही. मुले वाढवायची, आल्यागेल्याला दोन घास घालायचे आणि डोंगरावर बसलेल्या नवऱ्याला भाकरी नेऊन द्यायची, हे सर्व तिने केले. घरखर्चाची चिंता करणे हा गुन्हा नव्हे. म्हणून तुकारामांप्रमाणे सर्वस्व नदीत टाका, असे मी कोणाला सांगत नाही.

पुढे इंद्रायणीत आणखी एक वस्तू बुडविली गेली. तुकाराम अभंग रचतात हे काहींना सहन झाले नाही. वाघोलीच्या रामेश्वर भट्टांच्या विरोधामुळे त्यांच्या अभंगांच्या वह्या नदीत बुडविण्यात आल्या. तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या अशी श्रद्धा आहे. ज्यांना चमत्कार मानायचा नाही ते म्हणतात की अभंग लोकांना पाठ झालेले होते, त्यामुळे ते बुडालेच नाहीत. काहीही माना, फरक ध्यानात घ्या. त्याच नदीत कर्जखते गेली ती परत आली नाहीत, आणि त्यांची आठवण आज कोणाला नाही. अभंग गेले ते परत आले आणि अजून घरोघर आहेत. विरोध करणारे रामेश्वर भट्टही पुढे तुकारामांचे शिष्य झाले.

देहूला अनगडशहा बाबांचा दर्गा आहे. या फकिराच्या कटोऱ्यात कितीही घातले तरी तो भरत नसे, अशी आख्यायिका आहे. ते तुकारामांच्या दारी आले तेव्हा त्यांच्या लहान मुलीने मूठभर पीठ घातले आणि कटोरा भरून सांडला. आजही आषाढी वारीला निघालेल्या तुकोबांच्या पालखीची पहिली अभंग-आरती याच दर्ग्याजवळ होते. गोष्टीचा अर्थ सरळ आहे. आपली हाव हा तो कटोरा. दागिने आणि मजले घालून तो भरत नाही.

इ.स. १६५० च्या सुमारास, फाल्गुन वद्य द्वितीयेस, तुकारामांची जीवनयात्रा संपली. मागे जमीनजुमला ठेवला नाही. तरी इ.स. १६८५ मध्ये त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी पालखी सुरू केली, आणि आज लाखो माणसे तिच्याबरोबर आपल्याच रस्त्याने आकुर्डीकडे चालत जातात.

आता हे सारे सांगण्याचे कारण. दर वर्षी जून महिन्यात दोन-तीन पालक मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला मागायला येतात. वरच्या मजल्याचा स्लॅब टाकला आहे, जाळी बसवायची आहे, कर्जाचा हप्ता आहे, तेव्हा मुलीने आता घरीच राहावे, असे त्यांचे म्हणणे असते. ही माणसे वाईट नाहीत. कारखान्यात रात्रपाळी करून त्यांनी ते घर उभे केले आहे. मुलांच्या सुरक्षिततेसाठीच आपण हे करतो असे त्यांना मनापासून वाटते. त्यांना माझी एवढीच विनंती आहे की उद्या काम सुटले, आजार आला, तर त्या मुलीला भिंत उपयोगी पडेल की तिने शिकलेले, याचा एकदा शांतपणे हिशेब करावा. स्लॅब वर्षभर थांबू शकतो. दहावीचे वर्ष एकदा हातचे गेले की मुलगी शाळेत परतत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मक्केचे लोक आपल्या मौल्यवान वस्तू हजरत पैगंबर साहेबांकडे ठेवीत. त्यांच्या घराची भिंत उंच होती म्हणून नव्हे, तर ते अल-अमीन होते म्हणून. हिजरतीच्या रात्रीसुद्धा त्या अमानती ज्याच्या त्याला परत करण्याची जबाबदारी त्यांनी हजरत अलींवर सोपविली. अल्लाहवर भरवसा, लोकांचा विश्वास आणि डोक्यातली विद्या, ही शिल्लक ज्या घरात आहे त्या घराला कुलूप लावावेच, पण झोपही लागते.

पुढच्या वर्षी पालखी आपल्या रस्त्याने जाईल तेव्हा मुलांना घेऊन उभे राहा. त्या सावकाराची गोष्ट त्यांना सांगा. आणि घरी परतल्यावर मुलीच्या दप्तरात काय हवे आहे ते आधी विचारा.