पेढीची पत आणि शहराचा शब्द

बाजारपेठ हे शहराचे पोट असते, ही गोष्ट सर्वमान्य आहे. प्रसंगी ती शहराची वाचाही होऊ शकते, याचा मात्र आपल्याला बहुधा विसर पडतो. व्यापाऱ्यांची संघटना म्हटली की, कर कमी करा, दुकानासमोर गाड्या उभ्या करू द्या, फेरीवाल्यांना हटवा, अशा ठराविक मागण्या डोळ्यांसमोर येतात. या मागण्या सर्वस्वी गैर असतात असे नव्हे. परंतु त्यांत दुकानाच्या फळीपलीकडचे शहर क्वचितच दिसते. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत एका व्यापाऱ्याने हे पलीकडचे शहर पाहिले आणि आपल्या पेढीची सारी पत त्यासाठी खर्ची घातली. जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना यांच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहणे आजही बोधप्रद ठरेल.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. मुर्कुटे हे त्यांचे दैवज्ञ घराणे. वडील शंकरशेट यांनी मुंबईत व्यापारात मोठी संपत्ती मिळविली होती. १८२२ मध्ये ते निवर्तले, तेव्हा नाना अवघे एकोणीस वर्षांचे होते. एवढ्या कोवळ्या वयात अंगावर आलेला व्यवहार त्यांनी नुसता सांभाळला नाही, तर वाढविला. परदेशी व्यापारीदेखील आपले धन त्यांच्याकडे निःशंकपणे ठेवीत, अशी त्यांची ख्याती होती. पुढे सरकारदरबारी त्यांच्या शब्दाला जे वजन आले, त्याचा उगम या विश्वासात होता.

त्या काळी नागरिकांच्या गाऱ्हाण्यांना हक्काचे व्यासपीठ नव्हते. लोकनियुक्त नगरपालिका ही तर फार पुढची गोष्ट. १८३२ च्या जून महिन्यात मोकाट कुत्री मारण्याच्या मोहिमेवरून फोर्टमध्ये पारशी समाजाचा क्षोभ उसळला. दुकाने बंद झाली, दंगल झाली, धरपकड झाली. अखेर जमशेटजी जीजीभाई प्रभृती व्यापाऱ्यांनी सरकारकडे रीतसर अर्ज केला आणि कुत्री न मारता शहराबाहेर नेण्याची तोड सुचविली. दुकान बंद करणे आणि अर्ज करणे ही व्यापाऱ्याच्या हातातील दोन्ही शस्त्रे त्या एका प्रकरणात मुंबईला दिसली. नानांनी आयुष्यभर दुसऱ्या शस्त्राचा आश्रय केला.

त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने केलेल्या कायद्याने भारतीयांना ग्रँड ज्युरीत बसण्याची आणि जस्टिस ऑफ द पीस होण्याची वाट मोकळी झाली. मुंबईत नेमले गेलेल्या पहिल्या भारतीय जस्टिसांत नाना होते. शहराच्या व्यवस्थेशी त्यांचा अधिकृत संबंध आला तो येथून. १८३६ मध्ये स्थापन झालेल्या बाँबे चेंबर ऑफ कॉमर्सवर युरोपीय पेढ्यांचेच वर्चस्व होते. देशी व्यापाऱ्याला केवळ मालापुरते नव्हे, तर शहराविषयी बोलावयाचे असेल, तर त्याला आपली जागा आपणच निर्माण करावी लागणार होती.

नानांनी ती जागा कशी निर्माण केली, हे पाहण्यासारखे आहे. एल्फिन्स्टन १८२७ मध्ये गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ मुंबईकरांनी दोन लाखांहून अधिक रुपये जमविले. ते उच्च शिक्षणासाठी लावण्यात आले. या आणि अशा शिक्षणकार्यांत नाना अग्रभागी होते. शिक्षणमंडळावर आल्यानंतर त्यांचा अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांच्याशी वाद झाला. पेरी इंग्रजी माध्यमाचे कैवारी. नानांचा आग्रह असा की, बहुजनांपर्यंत ज्ञान पोचवावयाचे तर ते त्यांच्याच भाषेतून पोचविले पाहिजे. इंग्रजी जाणणारा गुमास्ता व्यापाऱ्याला हवाच असतो. केवळ पेढीची सोय पाहिली असती, तर नानांना पेरींच्या बाजूने उभे राहणे सोयीचे होते. ते तसे राहिले नाहीत. १८४९ मध्ये विद्यार्थ्यांच्या साहित्य-विज्ञान सभेने मुलींसाठी शाळा काढल्या, तेव्हा सनातन्यांच्या रोषाची पर्वा न करता नानांनी आपल्या वाड्यात एका शाळेला जागा दिली.

रेल्वेचे उदाहरण अधिक व्यापारी स्वरूपाचे आहे. कापूस बंदरापर्यंत लवकर पोचावा, ही व्यापाऱ्यांची निकड होती. १८४५ मध्ये नाना आणि जमशेटजी यांनी रेल्वेच्या पुरस्कारासाठी संस्था उभारण्यात पुढाकार घेतला. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीच्या कामातही दोघांचा सहभाग राहिला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली. व्यापाऱ्याचा फायदा आणि शहराचा फायदा येथे एकाच रुळांवरून धावले.

असा सुखद मेळ दरवेळी बसत नाही. गिरगावातील सोनापूरची स्मशानभूमी शिवडीला हलविण्याचा घाट घातला गेला, तेव्हा त्यात कोणत्याही पेढीचे नफा-नुकसान गुंतलेले नव्हते. प्रश्न होता तो चाळीत राहणाऱ्या गरिबाचा. खांद्यावर प्रेत घेऊन त्याने किती कोस चालावे, हा तो प्रश्न. नानांनी हे गाऱ्हाणे आपले मानून सरकारशी झगडा केला आणि स्मशानभूमी जागेवर राहिली. सर्वसामान्य मुंबईकराच्या मनात नानांचे स्थान पक्के झाले, ते अशा कामांमुळे.

२६ ऑगस्ट १८५२ रोजी बाँबे असोसिएशनची स्थापना झाली आणि या साऱ्या सुट्या प्रयत्नांना संघटित रूप आले. नाना तिचे अध्यक्ष झाले, डॉ. भाऊ दाजी हे एक चिटणीस होते. शेटिया मंडळींची पत आणि नवशिक्षितांची लेखणी अशी ती जोड होती. कंपनीच्या सनदेच्या नूतनीकरणाचा प्रश्न पुढे होता. त्या निमित्ताने असोसिएशनने थेट पार्लमेंटकडे अर्ज पाठविला आणि खर्चिक राज्यकारभारावर टीका करून कौन्सिलांत भारतीयांना स्थान मागितले. नागरी गाऱ्हाण्यांतून राजकीय मागणी उभी राहते, ती अशी. १८५७ च्या उठावात सरकारला नानांचाही संशय आला. पुढे तो निराधार ठरला. १८६२ मध्ये मुंबईचे कायदेमंडळ स्थापन झाले, तेव्हा त्याच सरकारला नानांची नेमणूक करावी लागली.

या कार्याच्या मर्यादाही दृष्टीआड करता येणार नाहीत. असोसिएशन ही धनिकांची आणि सुशिक्षितांची सभा होती. तिने सामान्यांच्या वतीने बोलावे, सामान्यांनी मात्र तेथे बसू नये, असाच तो काळ होता. करदात्यांना नगरपालिकेचे सभासद निवडण्याचा हक्क मिळाला १८७२ च्या कायद्याने, आणि तोही चौसष्टांपैकी निम्म्या जागांपुरता. तोवर नानांना जाऊन सात वर्षे लोटली होती.

३१ जुलै १८६५ रोजी नाना गेले. अमेरिकेतील यादवी थांबल्याने कापसाचे भाव कोसळले होते आणि त्याच जुलैच्या आरंभी मुंबईतील शेअरबाजाराचा फुगा फुटला होता. एका रात्रीत श्रीमंत झालेले अनेक शेठ एका रात्रीत धुळीला मिळाले. नानांनी ज्यांना हातभार लावला, त्या शाळा, ती रेल्वे आणि भायखळ्याचे ते वस्तुसंग्रहालय मात्र टिकून राहिले. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या ती महाराष्ट्राच्या घराघरांत परिचित राहिली.

२०१३ मध्ये स्थानिक संस्था कराविरुद्ध महाराष्ट्रातील व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली; २०१५ मध्ये तो कर बव्हंशी रद्दही झाला. व्यापारी एकवटले म्हणजे सरकारला ऐकावे लागते, हे त्यावरून सिद्धच झाले. त्या बळाचा विनियोग कशासाठी व्हावा, हा प्रश्न मात्र उरतो. नगरपालिकेची शाळा बंद पडते, पेठेतल्या वस्तीला पाणी मिळत नाही, पदपथावरून म्हाताऱ्या माणसाला चालता येत नाही. या गोष्टींसाठी व्यापारी महासंघाचा अर्ज आयुक्तांच्या मेजावर किती वेळा गेला असेल? ज्या गिऱ्हाइकाच्या जिवावर पेठ चालते, तोच या शहराचा नागरिक असतो. त्याच्या गाऱ्हाण्याला पेढीची पत लाभली, तर व्यापाऱ्यांच्या स्वतःच्या मागण्यांनाही लोकांची सहानुभूती लाभेल. नानांना हे दीडशे वर्षांपूर्वी उमगले होते.