पॉली मरे

पॉली मरे (पूर्ण नाव : ॲना पॉलीन मरे, जन्म : बाल्टिमोर, मेरीलँड, २० नोव्हेंबर १९१०, मृत्यू : पिट्सबर्ग, पेनसिल्व्हेनिया, १ जुलै १९८५) या अमेरिकन कायदेपंडित, लेखिका, नागरी हक्क चळवळीतील कार्यकर्त्या आणि एपिस्कोपल चर्चच्या धर्मगुरू होत्या. या चर्चमध्ये धर्मगुरुपदाची दीक्षा मिळालेल्या त्या पहिल्या आफ्रिकी-अमेरिकन महिला होत. वर्ण आणि लिंग या दोन्ही कारणांनी होणाऱ्या भेदभावाविरुद्ध त्या उघडपणे लढल्या. मात्र स्वतःची लिंगओळख आणि स्त्रियांविषयीचे प्रेम त्यांनी हयातभर खासगी ठेवले.

बालपण

मरे तीन वर्षांच्या असताना त्यांची आई वारली. त्यानंतर नॉर्थ कॅरोलिनातील डरहॅम येथे मावशी पॉलीन डेम आणि आजी-आजोबांनी त्यांचा सांभाळ केला. मावशी शिक्षिका होती. आजी कॉर्नेलिया यांचा जन्म गुलामगिरीत झाला होता. एपिस्कोपल चर्चचे संस्कार मरे यांच्यावर याच घरात झाले. मनोरुग्णालयात ठेवलेल्या त्यांच्या वडिलांची १९२३ मध्ये तेथील एका रखवालदाराने हत्या केली.

शिक्षण आणि कायद्यातील कार्य

१९३३ मध्ये मरे न्यूयॉर्कच्या हंटर महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. १९३८ मध्ये चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने त्यांना कृष्णवर्णीय म्हणून प्रवेश नाकारला. १९४० मध्ये व्हर्जिनियात बसमधील वर्णभेदाला विरोध केल्यामुळे त्यांना अटक झाली. या काळात त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाच्या तंत्राचा अभ्यास केला होता. हॉवर्ड विद्यापीठातून १९४४ मध्ये त्या कायद्याच्या परीक्षेत पहिल्या आल्या. पण पुढील शिक्षणासाठी हार्वर्डने त्यांना स्त्री म्हणून नाकारले. स्त्रियांवरील अशा भेदभावासाठी त्यांनी जेन क्रो ही संज्ञा रूढ केली.

१९६५ मध्ये येल विद्यापीठाची कायद्यातील डॉक्टरेट त्यांना मिळाली. १९६६ मध्ये त्या राष्ट्रीय महिला संघटनेच्या संस्थापकांपैकी एक होत्या. रीड विरुद्ध रीड (१९७१) या खटल्यातील निवेदनावर रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी मरे यांचे नाव सहलेखिका म्हणून घातले, कारण त्यातील युक्तिवादाचा पाया मरे यांनी घातला होता.

खासगी जीवन

तरुणपणी मरे स्वतःला मनाने पुरुष समजत. पॉली हे संक्षिप्त नाव त्यांनी स्वतः निवडले. १९३०च्या दशकापासून त्यांनी अनेक डॉक्टरांकडे पुरुषी संप्रेरकांच्या उपचाराची मागणी केली. ती नाकारली गेली. आत्मचरित्रात त्यांनी या विषयाचा उल्लेख केला नाही, परंतु त्यासंबंधीची पत्रे व टिपणे जपून ठेवली. ती आज हार्वर्डमधील श्लेसिंजर ग्रंथालयात आहेत. मरे यांनी स्वतःसाठी स्त्रीलिंगी सर्वनामे वापरली. काही अभ्यासक मात्र लिंगनिरपेक्ष सर्वनामे वापरतात.

वकिली संस्थेत काम करताना त्यांची आयरीन बार्लो यांच्याशी ओळख झाली. दोघी एपिस्कोपल पंथाच्या होत्या आणि प्रार्थनेला एकत्र जात. १९७३ मध्ये बार्लो यांचे कर्करोगाने निधन झाले. या मृत्यूनंतर मरे यांनी प्राध्यापकपद सोडून धर्मसेवेत जाण्याचा निर्णय घेतला.

धर्मसेवा

वेदीपाशी केवळ पुरुषच का, हा प्रश्न मरे यांना पूर्वीपासून सलत होता. १९६६ मध्ये त्या याच कारणाने प्रार्थना अर्धवट सोडून बाहेर पडल्या होत्या. १९७३ मध्ये, वयाच्या ६२व्या वर्षी, त्यांनी न्यूयॉर्कच्या जनरल थिऑलॉजिकल सेमिनरीत प्रवेश घेतला. त्या वेळी स्त्रियांना दीक्षा मिळण्याची तरतूद नव्हती. ती १९७६ च्या सर्वसाधारण अधिवेशनात झाली. समलिंगी व्यक्तींचा चर्चच्या प्रेमावर व स्वीकारावर इतरांइतकाच अधिकार आहे, असा ठरावही याच अधिवेशनाने केला.

८ जानेवारी १९७७ रोजी वॉशिंग्टन नॅशनल कॅथेड्रलमध्ये मरे यांना दीक्षा मिळाली. १३ फेब्रुवारीला त्यांनी चॅपेल हिल येथील चॅपेल ऑफ द क्रॉस या चर्चमध्ये पहिल्यांदा प्रभुभोजनाचा विधी केला. १८५४ मध्ये त्यांच्या आजीचा गुलाम म्हणून बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला होता, आणि विद्यापीठाने मरे यांना नाकारले तेही याच गावात. शुभवर्तमानाचे वाचन त्यांनी आजीच्या बायबलमधून केले.

मरे यांच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी बिशप पॉल मूर यांनी न्यूयॉर्कमध्ये एलेन बॅरेट या उघडपणे समलिंगी असलेल्या महिलेला दीक्षा दिली. त्यावर मोठे वादळ उठले. १९७९ च्या अधिवेशनाने समलिंगी संबंधांत असलेल्यांना दीक्षा देणे उचित नसल्याचे जाहीर केले. मरे यांची धर्मसेवा मुख्यतः याच वातावरणात पार पडली. वॉशिंग्टन व बाल्टिमोर येथे त्यांनी विशेषतः आजारी व वृद्ध सभासदांची सेवा केली.

निधन आणि वारसा

स्वादुपिंडाच्या कर्करोगाने मरे यांचे निधन झाले. त्यांचे आत्मचरित्र १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले.

२०१२ च्या अधिवेशनाने लिंगओळखीच्या कारणावरून कोणालाही दीक्षेच्या प्रक्रियेपासून दूर ठेवता येणार नाही असे ठरवले, समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याच्या विधीला तात्पुरती मान्यता दिली आणि स्मरणीय पवित्र व्यक्तींच्या दिनदर्शिकेत मरे यांचा समावेश केला. १ जुलै हा त्यांचा स्मरणदिन आहे. ज्या चर्चमध्ये आपली पूर्ण ओळख सांगणे त्यांना शक्य झाले नाही, तेथे आज समलिंगी व पारलिंगी सभासद त्यांना आपली पूर्वसुरी मानतात.

येल विद्यापीठाच्या एका निवासी महाविद्यालयाला मरे यांचे नाव देण्यात आले असून ते २०१७ मध्ये सुरू झाले. डरहॅम येथील त्यांचे बालपणीचे घर राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू आहे. २०२४ मध्ये अमेरिकेच्या पाव डॉलरच्या नाण्यावर त्यांची प्रतिमा कोरण्यात आली.