महारोग्यांना दार उघडं ठेवणारा डॉक्टर : भाऊ दाजी लाड

राळेगणसिद्धी (ता. पारनेर) : कुष्ठरुग्ण शोधमोहीम आली की आशाताई घरोघर फिरतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे का, तिथं स्पर्श कळतो का, एवढंच विचारतात. पण पाणी अडवून देशभर नाव कमावलेल्या राळेगणसिद्धीत काय किंवा शेजारच्या वाड्या-वस्त्यांवर काय, हा प्रश्न आला की माणूस जरा मागंच सरतो. गजकर्ण, नायटा, खरूज यांचं नाव माणसं चारचौघांत घेतात. कुष्ठरोगाचं नाव काढलं की मात्र आवाज खाली जातो. दीडशे वर्षांपूर्वी तर आवाजच नव्हता. त्या काळात ज्यानं या रुग्णांना आपल्या दवाखान्यात बसवलं, त्या मराठी डॉक्टरची ही गोष्ट.

त्यांचं खरं नाव रामचंद्र विठ्ठल लाड. सगळे त्यांना भाऊ दाजी म्हणत. जन्म गोव्यातल्या पेडणे तालुक्यातील मांद्रे गावचा, १८२० च्या दशकाच्या सुरुवातीचा. घरची परिस्थिती बेताची. वडील मातीच्या बाहुल्या विकायचे, असं सांगतात. कुटुंब पोटासाठी मुंबईला आलं. पोरगं बुद्धिबळात फार हुशार. त्याचा खेळ पाहून एका इंग्रज साहेबानं वडिलांना गळ घातली, की याला इंग्रजी शिकवा. तिथून दिशाच बदलली. एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षण झालं आणि पुढं तिथंच ते शिक्षक झाले. काठेवाडातल्या जाडेजा घराण्यांमध्ये मुलींना जन्मताच मारण्याची चाल होती. तिच्यावर त्यांनी निबंध लिहिला आणि त्याला बक्षीस मिळालं.

१८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. भाऊंनी शिक्षकाची चांगली नोकरी सोडली आणि पुन्हा विद्यार्थी झाले. १८५१ मध्ये कॉलेजची पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात ते होते. प्रॅक्टिस जोरात चालली, पैसाही आला. धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर. दोघा भावांनी मिळून गोरगरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला.

कडू कवठाचं तेल

इंग्रजी वैद्यक शिकले म्हणून भाऊंनी आपलं जुनं सोडून दिलं नाही. संस्कृत वैद्यकग्रंथ वाचायचे, त्यातली औषधं तपासून बघायचे. त्यांचा सगळ्यात मोठा ध्यास होता कुष्ठरोग. तेव्हा या रोगाला इलाज नव्हता. रोगी घराबाहेर, गावाबाहेर, कधी धर्मशाळेच्या आडोशाला. पाप फळाला आलं, अशीच लोकांची समजूत होती.

कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटात कडू कवठाचं झाड होतं. त्याच्या बियांचं तेल भाऊंनी कुष्ठरुग्णांवर वापरलं. काही रुग्णांना उतार दिसला, बोलबाला झाला आणि दुरून रुग्ण येऊ लागले.

पण इथंच भाऊंवर टीकाही झाली. औषध नेमकं कोणतं, हे त्यांनी बराच काळ उघड केलं नाही. पुरती खात्री झाल्याशिवाय सांगायचं नाही, अशी त्यांची भूमिका होती. शिकलेला डॉक्टर गुप्त औषध देतो, हे मात्र अनेकांना पटलं नाही. आजच्या नजरेनं पाहिलं तर टीकेत तथ्य होतं. औषध दहा जणांनी तपासलं तरच त्याचं खरं-खोटं कळतं.

या तेलानं रोग मुळापासून जात नव्हता, हेही खरं. पण याच जातीच्या झाडांचं तेल पुढं कित्येक दशकं जगभर कुष्ठरोगावर वापरलं गेलं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हवाईमध्ये अ‍ॅलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ बाईंनी चौलमुग्रा तेलापासून इंजेक्शनातून देता येईल असं औषध तयार केलं. भाऊ योग्य झाडाखाली उभे होते, एवढं नक्की.

साक्ष द्यायला कचरले नाहीत

१८६२ चा महाराज लायबल खटला मुंबईत गाजला. एका बड्या धर्मगुरूच्या वर्तनावर पत्रकार करसनदास मुळजी यांनी लिहिलं आणि धर्मगुरूनं त्यांना कोर्टात खेचलं. भाऊंनी कोर्टात उभं राहून त्या धर्मगुरूला उपदंशाचा आजार असल्याची साक्ष दिली. श्रीमंत भक्तांचा रोष ओढवेल हे दिसत होतं, तरी मागं हटले नाहीत. निकाल करसनदासांच्या बाजूनं लागला.

भाऊंचा व्याप मोठा होता. १८५२ च्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस होते. मुलींच्या शाळांना त्यांनी हात दिला. अजिंठ्याचे शिलालेख वाचले, कालिदासाच्या काळावर लिहिलं. १८६९ आणि १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. पण १८६५ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि कमावलेला पैसा गेला. रुग्ण मात्र येतच राहिले. शेवटी अर्धांगवायूनं गाठलं आणि मे १८७४ मध्ये भाऊ गेले. भायखळ्याच्या राणीबागेतल्या ज्या संग्रहालयासाठी ते झटले, त्याला १९७५ मध्ये त्यांचं नाव देण्यात आलं.

भाऊंना जे मिळालं नाही ते आपल्याला मिळालंय

भाऊ गेले त्याच्या आदल्याच वर्षी, १८७३ मध्ये, नॉर्वेच्या हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधला. हा रोग पापानं नाही, जंतूनं होतो, हे कळलं. १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेनं बहुविध औषधोपचार सांगितला. आज गोळ्यांची पाकिटं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. रोगाच्या प्रकारानुसार उपचार सहा किंवा बारा महिन्यांचा. गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच काळात रुग्णापासून दुसऱ्याला लागण होत नाही. १८९८ चा रुग्णांना कोंडून ठेवणारा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण २०१९ मध्ये कायद्यातून काढलं गेलं.

कायदा बदलला, औषध आलं, उरली ती आपली लाज. उशीर केला तर नसा खराब होतात, बोटं वाकडी होतात, आणि ते नुकसान गोळ्यांनी भरून येत नाही. म्हणून चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, हातापायाला मुंग्या येत असतील, तर मनानं मलम चोळत बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. आणि आशाताई दारात आल्या तर चट्टा दाखवा, लपवू नका. भाऊंच्या दवाखान्यात लोक कुठून कुठून यायचे. आपल्याकडं तर दवाखानाच दारात येतोय.