विश्लेषण : टर्बोचार्जरचे जनक आल्फ्रेड ब्यूखी कोण होते? ‘ट्विन टर्बो’ किट निवडताना त्यांचे काम आजही का महत्त्वाचे?

भिवंडीच्या गोदामांतून माल भरून निघालेला ट्रक कसारा घाट चढतो, तेव्हा त्याच्या डिझेल इंजिनाला बळ देणारा भाग म्हणजे टर्बोचार्जर. हाच भाग एकाऐवजी दोन बसवून स्पोर्ट्स कारची ताकद वाढवण्याची हौस अनेकांना असते. त्यासाठी तयार ‘ट्विन टर्बो’ किट बाजारात आणि ऑनलाइनही मिळतात. मात्र किट चुकले तर पिस्टन वितळतो, हेड गॅस्केट उडते किंवा इंजिन जाम होऊन बसते आणि दुरुस्तीचा खर्च किटच्या किमतीहून मोठा होतो. भरवशाचे किट ओळखायचे कसे, हे समजून घेण्यासाठी टर्बोचार्जरची कल्पना मांडणाऱ्या स्विस अभियंत्याचे आयुष्य पाहणे उपयोगी ठरते. कल्पना सुचल्यापासून ती इंजिनावर नीट चालेपर्यंत त्यांची वीस वर्षे गेली.

आल्फ्रेड ब्यूखी कोण होते?

आल्फ्रेड ब्यूखी यांचा जन्म ११ जुलै १८७९ रोजी स्वित्झर्लंडमधील विंटरथूर या औद्योगिक शहरात झाला. या शहरात सुल्झर कंपनीचा मोठा इंजिन कारखाना होता आणि त्यांचे वडील याच कंपनीत वरिष्ठ पदावर होते. त्यामुळे यंत्रांची ओळख त्यांना घरातूनच झाली. झुरिचच्या प्रसिद्ध तंत्रशिक्षण संस्थेतून त्यांनी १९०३ मध्ये यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेतली. त्यानंतर काही काळ बेल्जियम आणि इंग्लंडमध्ये काम करून ते विंटरथूरला परतले आणि सुल्झरमध्ये डिझेल इंजिनांच्या संशोधनात रमले.

तरुण ब्यूखी यांना एक गोष्ट खटकत होती. इंजिनात जाळलेल्या इंधनातील ऊर्जेचा जेमतेम काही भाग चाकापर्यंत किंवा पंख्यापर्यंत पोहोचतो. सुमारे एक तृतीयांश ऊर्जा गरम धुराबरोबर सायलेन्सरवाटे निघून जाते. फुकट जाणारी ही ऊर्जा पुन्हा कामाला लावता येईल का, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

१९०५च्या पेटंटमध्ये काय होते?

१६ नोव्हेंबर १९०५ रोजी, वयाच्या २६व्या वर्षी, ब्यूखी यांनी जर्मनीत पेटंटसाठी अर्ज केला. त्यांच्या रचनेत आधी हवा दाबणारा कंप्रेसर, मध्ये पिस्टनचे इंजिन आणि शेवटी धुराच्या जोरावर फिरणारे टर्बाइन होते. टर्बाइनने कंप्रेसरच्या कामाला हातभार लावायचा, कंप्रेसरने इंजिनात जास्त हवा कोंबायची, जास्त हवेत जास्त इंधन जाळायचे आणि त्याच आकाराच्या इंजिनातून जास्त ताकद काढायची, अशी ही साखळी होती.

आजच्या टर्बोचार्जरचे तत्त्व हेच आहे. धुराच्या बाजूला एक चक्र, हवेच्या बाजूला दुसरे आणि दोघांना जोडणारा एक छोटा दांडा. कारमधला लहान टर्बो मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो. हा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, म्हणून तेलाचा पुरवठा क्षणभर जरी तुटला तरी टर्बो निकामी होऊ शकतो.

पहिले प्रयोग का फसले?

कागदावर चोख दिसणारी कल्पना प्रत्यक्षात उतरेना. सुल्झरच्या कारखान्यात १९११ पासून चाचण्या सुरू झाल्या. त्या काळी इतकी उष्णता सोसणारे धातू सहज मिळत नव्हते आणि कंप्रेसरची कार्यक्षमताही कमी होती. पण मूळ अडचण वेगळीच होती. टर्बाइनमुळे धुराच्या वाटेत अडथळा येत होता. जळालेला वायू सिलिंडरमधून पूर्ण बाहेर पडत नव्हता, त्यामुळे ताज्या हवेला जागाच उरत नव्हती. १९१५च्या सुमारास तयार केलेल्या नमुन्यालाही हवेचा दाब टिकवता आला नाही.

दरम्यान इतरांनीही याच वाटेने पावले टाकली. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या ऑग्युस्त रातो यांनी विमानाच्या इंजिनावर टर्बोचार्जर वापरून पाहिला. उंचावर हवा विरळ होते आणि विमानाची ताकद घटते, हे त्यामागचे कारण होते. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीक शिखरावर इंजिन नेऊन त्याची चाचणी घेतली. टर्बोमुळे तेथेही समुद्रसपाटीइतकी ताकद मिळाली. ब्यूखी यांचे लक्ष मात्र जहाजे आणि वीजनिर्मितीच्या डिझेल इंजिनांवर राहिले. ही इंजिने महिनोन्महिने न थांबता चालणार असल्याने तिथे ताकदीइतकेच टिकाऊपणालाही महत्त्व होते.

१९२५ मध्ये कोडे कसे सुटले?

ब्यूखी यांनी धुराकडे नव्याने पाहिले. सिलिंडरमधून धूर एकसारखा वाहत नाही, तो झटक्याझटक्याने बाहेर पडतो. सगळ्या सिलिंडरचा धूर एकाच पाइपात सोडला, तर एकाचा झटका दुसऱ्या सिलिंडरच्या उघड्या झडपेवर आदळतो आणि त्याचा धूर अडवतो. म्हणून ज्या सिलिंडरचे झटके एकमेकांच्या आड येत नाहीत, अशांचे गट करून प्रत्येक गटाला टर्बाइनपर्यंत स्वतंत्र पाइप द्यायचा, असा उपाय त्यांनी काढला. त्याच्या जोडीला आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेच्या झडपा थोडा वेळ एकदम उघड्या ठेवल्या, की ताजी हवा सिलिंडर धुऊन काढते. १९२५ मध्ये त्यांनी या पद्धतीचे पेटंट मागितले.

याच सुमारास त्यांच्या देखरेखीखाली ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्सेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या दहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनांना टर्बोचार्जर बसवण्यात आले. १,७५० अश्वशक्तीचे इंजिन २,५०० अश्वशक्ती देऊ लागले, म्हणजे ताकद ४० टक्क्यांहून अधिक वाढली. पुढे ब्राउन बोव्हेरी आणि विंटरथूरचा लोकोमोटिव्ह कारखाना यांच्यासह ‘ब्यूखी सिंडिकेट’ उभे राहिले आणि जगभरच्या इंजिन कंपन्या परवाना घेऊन ही पद्धत वापरू लागल्या.

ट्रक आणि कारपर्यंत टर्बो कसा आला?

१९३८ मध्ये स्वित्झर्लंडच्याच सॉरर कंपनीने ट्रकसाठी टर्बो इंजिन तयार केले. २७ ऑक्टोबर १९५९ रोजी विंटरथूरमध्ये वयाच्या ८०व्या वर्षी ब्यूखी यांचे निधन झाले, तेव्हा जहाजे, रेल्वे आणि मालवाहतुकीत टर्बो रुळला होता. प्रवासी कारमध्ये तो त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी आला.

१९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो कार बाजारात आली. तिच्या इंजिनात मिश्रण आधीच खूप दाबले जात होते. त्यात टर्बोची भर पडल्यावर ते वेळेआधी पेटू नये, म्हणून पाणी आणि मिथेनॉलचे द्रावण फवारावे लागे. अनेक मालक ही टाकी भरायला विसरत. अखेर कित्येक गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवण्याची वेळ आली. टर्बो चांगला असला, तरी इंजिन आणि वापरणाऱ्याची सवय त्याला जुळली नाही, तर तो टिकत नाही, हे त्यातून दिसले.

‘ट्विन टर्बो’चा ब्यूखींशी काय संबंध?

दोन टर्बो बसवण्यामागे ब्यूखींचेच गटांचे तत्त्व आहे. १९८९च्या निसान स्कायलाइन जीटी-आरमध्ये सहा सिलिंडरपैकी पुढच्या तिघांना एक आणि मागच्या तिघांना दुसरा टर्बो होता. व्ही आकाराच्या इंजिनात दोन्ही बाजूंना एकेक टर्बो देतात. १९८१ मध्ये आलेली मसेराटी बिटुर्बो हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. दोन लहान टर्बो एका मोठ्या टर्बोपेक्षा लवकर वेग घेतात, त्यामुळे पिकअप मिळायला लागणारा उशीर कमी होतो. मात्र पाइप, सांधे आणि तेलाच्या नळ्या दुप्पट होतात आणि बिघडण्याच्या जागाही वाढतात.

किट निवडताना काय तपासावे?

पहिली गोष्ट म्हणजे टर्बो आपल्या इंजिनाच्या मापाचा आहे का. नामांकित उत्पादक प्रत्येक टर्बोचा कंप्रेसर मॅप देतात. किती हवेला आणि किती दाबाला तो नीट काम करतो, हे त्यावरून कळते. मॅप आणि अनुक्रमांक नसलेला टर्बो घेऊ नये.

दुसरी गोष्ट मॅनिफोल्डची. पेट्रोल इंजिनाचा धूर ९०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतो. पातळ पत्र्याचे, घाईने वेल्डिंग केलेले मॅनिफोल्ड तापून आणि निवून तडकते. ओतीव लोखंडाचे किंवा जाड, दर्जेदार स्टीलचे आणि सिलिंडरची योग्य गटवारी केलेले मॅनिफोल्ड हवे.

तिसरी गोष्ट, किट पूर्ण आहे का. दोन टर्बोंबरोबर वेस्टगेट, इंटरकूलर, तेल आणण्याच्या आणि परत नेण्याच्या नळ्या, मोठे इंजेक्टर आणि पुरेसा इंधन पंप लागतो. हवेचा दाब अर्धा बार वाढवला, तर इंजिनात जवळपास दीडपट हवा जाऊ शकते. इंधन त्या प्रमाणात वाढले नाही तर मिश्रण कोरडे पडते आणि पिस्टन जळतो. टर्बोतून परतणारे तेल उताराने खाली यावे लागते. ही नळी अरुंद किंवा वाकडी असेल तर तेल सीलमधून गळते आणि निळा धूर येतो.

चौथी गोष्ट म्हणजे ईसीयूचे ट्यूनिंग. कंपनीने टर्बोशिवाय बनवलेल्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो सहसा जास्त असतो. त्यावर दाब कमी ठेवावा लागतो किंवा पिस्टन बदलावे लागतात. ट्यूनिंग डायनोवर, मोजमाप घेऊन करणारे गॅरेज निवडावे. क्लच, ब्रेक आणि कूलिंगचा खर्च सुरुवातीलाच हिशेबात धरावा.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल, असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. बदल न कळवल्यास अपघातानंतर विमा कंपनी दावाही नाकारू शकते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांकडून लेखी उत्तर घ्यावे. कंप्रेसर मॅप, किटमधील भागांची पूर्ण यादी, डायनोचा अहवाल आणि ही दोन उत्तरे यांपैकी एकही कागद हाती नसेल, तर इंजिन कंपनीने दिले तसेच ठेवणे शहाणपणाचे.