एक्सप्लेनर : रखमाबाईंचा नकार आणि संमतिवयाचा कायदा

आज १८ वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कार ठरतो. नवऱ्याला सूट नाही. कायदा मुंबईत तोच, गोंदियाजवळच्या कुडव्यातही तोच. १८९१पूर्वी ही मर्यादा अवघी १० वर्षे होती. ती बदलण्याची चर्चा पेटवणाऱ्यांत एक मराठी तरुणी होती.

कोण होत्या रखमाबाई?
जन्म १८६४, मुंबई. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न लागले, पण त्या नांदायला गेल्या नाहीत. १८८४मध्ये दादाजींनी दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला. अपिलानंतर मार्च १८८७मध्ये हायकोर्टाने आदेश दिला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली.

शिक्षा कशी बदलली?
१८९०मध्ये कोलकात्यात फुलमणी ही बालिका नवऱ्याच्या जबरदस्तीने दगावली. तिचे वय दहाच्या वर असल्याने बलात्काराचे कलम लागले नाही. नवऱ्याला केवळ वर्षभराची सक्तमजुरी झाली. १८९१च्या संमतिवय कायद्याने मर्यादा १२ केली. लोकमान्य टिळकांचा त्याला विरोध होता.

पुढे काय?
रखमाबाई लंडनला शिकून डॉक्टर झाल्या. सुरत आणि राजकोटमध्ये त्यांनी अनेक वर्षे रुग्णसेवा केली. १९५५मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हाही पत्नीसाठीची मर्यादा १५च होती. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती १८ केली. २०१९च्या पोक्सो दुरुस्तीनंतर सोळा वर्षांखालील बालकावरील बलात्काराला किमान २० वर्षे कैद आहे.